डॅरिनच्या नावाची घंटा

मार्लिस ओपडाल दार न वाजवताच आत आली. बूट दारात काढले, कोट मात्र अंगावरच ठेवला आणि नुसत्या मोज्यांनी आर्डिथ क्वामेच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"माझ्या पोराच्या नावाची घंटा वाजवणार नाहीत," ती म्हणाली.

आर्डिथने गॅस बंद केला आणि पायानेच खुर्ची पुढे सरकवली. विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासण्यात तिची तीस वर्षं गेली होती. नवरा गेल्यावर तिने घराबाहेर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. गाव आधी हसलं. मग हसणारेच एकेक करून मागच्या दाराने यायला लागले.

टेबलापाशी तिचा दीर लाईल बसला होता. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली, आता आर्डिथची गाडी चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात पोचायला गोष्टीला वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबावं लागतं.

"नीट सांग," आर्डिथ म्हणाली.

सांगण्यासारखं फार नव्हतंच, सगळ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला एकदा घंटा वाजते. यंदा त्यात म्हातारा पामर नेस होता. मार्लिसचा डॅरिनही असायला हवा होता. दोघं एकाच सोमवारी, एकाच जागी गेले. डॅरिन वेंडेल स्ट्रॉमेनचा साखरबीटाचा ट्रक चालवत होता. नदीच्या बांधाखाली, रस्त्याच्या कडेला पामरचा पिकअप उभा होता. भरलेला ट्रक त्याच्यावर आदळला आणि पुढे खड्ड्यात गेला. पोलिसांच्या डेप्युटीने अपघाताच्या कागदावर लिहिलं, चालक झोपला.

"आयनेझ नेसला ऐकवणार नाही म्हणे," मार्लिस म्हणाली. "नवऱ्याच्या घंटेशेजारी त्याला मारणाऱ्याची घंटा कशी वाजवायची! आणि ठरवतोय कोण? चर्चच्या समितीचा मुख्य वेंडेल. त्याच्याच ट्रकमध्ये माझा पोरगा मेला."

"तुला काय वाटतं, झोपला नव्हता?"

"वाटत नाही, माहीत आहे. डॅरिन झोपाळू होता, आर्डिथबाई, खोटं कशाला बोलू. शाळेत झोपायचा, चर्चमध्ये तर घोरायचा. पण स्टिअरिंगवर कधी नाही. कागदावरचा तो एक शब्द खोडून द्या मला, बाकी काही नको."

लाईलने मान हलवली. "तो सोमवार माझ्या चांगला लक्षात आहे. बहिणीचं पार्सल घेऊन पोस्टात गेलो, तर सरकारी सुट्टी. दाराला कुलूप. पार्सल अजून गाडीतच आहे, वहिनी."

"काय आहे त्यात?"

"काकडीचं लोणचं."

"म्हणून गाडीला वास येतो होय! मला वाटलं तुलाच येतो," आर्डिथ म्हणाली आणि तिने कोट उचलला.

*

डेप्युटी कर्मिट हाउग पोरगेला, गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस. आर्डिथने त्याला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबल शिकवलेलं. त्यामुळे तिला बघून तो अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसायचा.

"रस्त्यावर टायर घासल्याची एक रेघ नाही," तो म्हणाला. "जागा माणूस ब्रेक मारतो, बाई."

"ट्रक कुठल्या गियरमध्ये सापडला?"

त्याने आठवून पाहिलं. "दुसऱ्या."

"दुसऱ्यात?" लाईल म्हणाला. "भरलेला ट्रक दुसऱ्यात म्हणजे बायकोबरोबर चर्चला निघाल्यासारखा चालतो."

"आणि पामर?" आर्डिथने विचारलं.

"पिकअप कडेला लावलेला. इंजिन बंद. थांबला असेल दम खायला. सप्टेंबरात हृदयाचं ऑपरेशन झालेलं त्याचं."

"ट्रकचे ब्रेक तपासले कुणी?"

"कशाला तपासायचे?" कर्मिटला खरंच नवल वाटलं. "सूट आहे की. राज्यातल्या राज्यात आपल्याच शेताचा माल नेणारा ट्रक. त्याची वर्षाची तपासणी नाही, चालकाचे तास मोजायचे नाहीत. कायदाच तसा आहे."

"आणि माल दुसऱ्याचा असला तर? किंवा नदीपलीकडच्या राज्यातून, मिनेसोटातून आला असला तर?"

"तर गोष्ट वेगळी. मग सूट लागणार नाही. राज्याच्या तपासनिसांना बोलवावं लागेल, मालकाला जाब द्यावा लागेल. पण वेंडेलचा एक वाफाही पलीकडे नाही. उत्तरेच्या रानातून त्याचंच बीट येत होतं. तो स्वतः सांगतो."

"ट्रक सील कर, कर्मिट."

"कुठल्या कलमाखाली? सूट असलेल्या गाडीला मी हात कसा लावू?"

आर्डिथ दाराकडे वळली. "दहा आज्ञा पाठ करायला तुला अख्खा हिवाळा लागला होता," ती म्हणाली. "ही एक सूट बरी लवकर पाठ झाली."

*

त्या खोऱ्यात जमीन ताटासारखी सपाट आहे. चढ म्हणावा असा एकच, नदीचा बांध. पुलावरून येणारा रस्ता त्या बांधावरून घसरत खाली येतो. पायथ्याशी त्याला उत्तरेकडून, स्ट्रॉमेनच्या रानातून येणारा रस्ता मिळतो. तिथून दोन्हींचा एकच होऊन बीटाच्या वजनकाट्याकडे जातो. अपघात या तिठ्याच्या जरा पुढे झाला होता.

यंदा पावसाने हंगाम लांबला होता. शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते, जमीन गोठायच्या आत बीट काढायची सगळ्यांना घाई. खड्ड्यात मार्लिसने लाकडाचा क्रूस रोवला होता. भोवती त्या दिवशी सांडलेली बीटं तशीच पडलेली, उंदरांनी कुरतडलेली.

लाईलच्या बुटांना चिखलाचे गोळे लागले. तो खरवडायला दगड शोधत होता. "काळ्या मातीत दगड कुठला मिळायला! इथे कुत्र्याला मारायचा तर घरून आणावा लागेल." मग त्याने एक बीट उचललं आणि हसला. "वहिनी, हे बघा. बीटाने विजार घातली आहे!"

खरंच त्या बीटाला दोन पाय होते आणि दोन्ही पायांच्या मधे त्याने काहीतरी घट्ट धरलं होतं. आर्डिथने अंगठ्याने माती पुसली. आतून अंड्याएवढा गोल गोटा दिसला.

तिने ते बीट पिशवीत घातलं.

"सूप करणार?" लाईलने विचारलं.

"गप्प बस आणि गाडी काढ."

*

वेंडेल स्ट्रॉमेनने त्यांना शेडमध्ये बसवलं, स्वतः कॉफी ओतली. उंच, हळू बोलणारा माणूस. गावात कुणाचं धान्य भिजलं, कुणाची गाय अडली, की पहिला हा पोचायचा. त्याला वाईट म्हणायला जीभ वळत नाही, आणि हीच खरी अडचण होती.

"पोराचं मलाही दुःख आहे," तो म्हणाला. "पण झोप काय, कुणालाही लागते. हंगामात तास कोण मोजतं?"

"तू मोजत नाहीस, कळलं. बीट कुणाचं होतं?"

"माझंच. उत्तरेच्या रानातलं."

"दुसऱ्या कुणाचं नेत होतास?"

"आपलंच संपता संपत नाही, बाई."

भिंतीवरच्या फळीवर हत्यारं ओळीने टांगली होती. प्रत्येकाच्या मागे त्याच्या आकाराची लाल रेघ रंगवलेली, जागा चुकू नये म्हणून. एक लाल आकार रिकामा होता. लाईलने त्यावर बोट ठेवलं. "इथलं कोण गेलं? चावून बसणारी पकड होती ना ही?"

"हरवली असेल कुठेतरी," वेंडेल म्हणाला आणि कॉफीत बघू लागला.

वाऱ्याला आडव्या लावलेल्या झाडांच्या रांगेमागे चेपलेला ट्रक पडला होता, जुन्या नांगरांच्या आणि गंजक्या यंत्रांच्या शेजारी. आर्डिथ गुडघे करकरवत खाली बसली. मागच्या चाकाच्या ब्रेकला हवा नेणारी रबरी नळी तिने बोटांनी चाचपली. नळी एका जागी चपटी झाली होती. त्यावर दोन्ही बाजूंनी दातांच्या खुणा होत्या.

तिने फोनने फोटो काढला. ती उठताना वेंडेलने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

*

पूल ओलांडून नदीपलीकडे आलं की जमीन पिवळट होते आणि हळूहळू टेकाडाला लागते. आयनेझ नेसच्या अंगणातल्या फुलझाडांना गोल गोट्यांची किनार होती. कुंपणाच्या कोपऱ्यात वेचलेल्या दगडांचा कमरेएवढा ढीग.

"अरेच्चा, इथे बघा किती!" लाईल म्हणाला, आणि शेवटी एका गोट्यावर त्याने बूट खरवडले.

आयनेझ लहानखुरी, नीटनेटकी बाई. तिने भोपळ्याच्या वड्या पुढे ठेवल्या, आणि स्वतः मात्र काही खाल्लं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर पामरचा थर्मास आणि बसायची गादी ठेवली होती. दोन्ही डेप्युटीने पिकअपमधून काढून आणून दिलं होतं.

"त्या दिवशी पामर कुठे निघाला होता, आयनेझ?"

"पोस्टात," ती म्हणाली. "तिकिटं आणायला."

लाईलने वडी तोंडात घातली होती, म्हणून तो काही बोलला नाही. देवाची कृपाच म्हणायची.

"आणि तुमचं बीट? पामर तर ऑपरेशन झालेला. काढलं कुणी?"

"अजून रानातच आहे. बघेल देव."

आर्डिथने खिडकीतून पाहिलं. घराजवळचं अर्धं रान हिरवं होतं. पलीकडचं अर्धं उपसलेलं, उघडं, चाकांच्या खुणांनी भरलेलं.

"देवाने अर्धं आधीच बघितलेलं दिसतंय," ती म्हणाली.

आयनेझने वड्यांची थाळी उचलून आत नेली. ती परत बाहेर आली नाही.

*

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात सगळे जमले. आर्डिथनेच बोलावलं होतं. लांब टेबलाच्या एका टोकाला वेंडेल, त्याच्याजवळ आयनेझ. दुसऱ्या टोकाला मार्लिस, कोट घालूनच. मधे डेप्युटी कर्मिट आणि नवा तरुण पाद्री. पाद्री सगळ्यांच्या कपात कॉफी ओतत होता, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

आर्डिथ उभी राहिली.

"कर्मिट म्हणतो, टायरची रेघ नाही म्हणजे ब्रेक मारला नाही, म्हणजे पोरगा झोपला. ब्रेक मारूनही तो लागला नाही, तरी रेघ उठत नाही. मग खरं कसं ओळखायचं? गियरवरून. ट्रक दुसऱ्यात सापडला. झोपलेला माणूस गियर उतरवत नाही. ब्रेक गेले हे कळल्यावर डॅरिनने एकेक गियर खाली आणला. जागा माणूस दुसरं करणार तरी काय?"

मार्लिसने डोळे मिटले.

"आता वेंडेल म्हणतो, ट्रक उत्तरेकडून येत होता. त्या वाटेवर एक वीतभरही उतार नाही. सपाटीवर दुसऱ्या गियरमधला ट्रक कसा चालतो, लाईल?"

"बायकोबरोबर चर्चला..." लाईलने सुरुवात केली, पाद्रीकडे पाहिलं आणि थांबला. "हळू," तो म्हणाला.

"आपला आपण थांबला असता. पण या ट्रकने पिकअपचा चुराडा केला. एवढा जोर त्याला उतारानेच मिळाला. आणि उतार एकच, बांधाचा. ट्रक पुलावरून आला. मिनेसोटातून."

"हे तुझं म्हणणं," वेंडेल म्हणाला.

आर्डिथने पिशवीतून ते दोन पायांचं बीट काढून टेबलावर ठेवलं. गोटा अजून त्याच्या पायांत होता.

"हे खड्ड्यात सापडलं. तुझ्या काळ्या रानात लाईलला बूट खरवडायला खडा मिळाला नाही. हे बीट दगडाला धरून वाढलंय. असे गोटे आयनेझच्या फुलझाडांना आहेत, तिच्या कुंपणाच्या कोपऱ्यात आहेत. हे नेसचं बीट आहे. पामर त्याच्याच बीटाखाली मेला."

पाद्रीची कॉफी कपाबाहेर सांडली.

"आयनेझ म्हणाली, तो पोस्टात निघालेला. त्या सोमवारी सुट्टी होती. पोस्टाला कुलूप होतं. लाईलचं लोणचं साक्षीला आहे. पामर कुठेच निघाला नव्हता. इंजिन बंद, थर्मासमध्ये कॉफी, बुडाखाली गादी. तो बघायला बसला होता."

पुढचं बोलताना तिचा आवाज जरा उतरला.

"आपल्यात माणूस आजारी पडला की शेजारी आपापले ट्रक घेऊन जातात आणि त्याचं पीक काढून देतात. पैसा घेत नाहीत. आणि नंतर त्याची वाच्यता करत नाहीत, आजाऱ्याला मिंधं वाटू नये म्हणून. चांगली रीत आहे. पामरचं अर्धं रान असंच निघालं. तो एकच ट्रक नव्हता, गावातले निम्मे होते. वेंडेल, तुझा एक ब्रेक हवा गळत होता. दुरुस्तीला ट्रक उभा करायला तुला सवड नव्हती. मग तू फळीवरची पकड घेतलीस आणि ब्रेकची हवेची नळी चिमटून बंद केलीस, म्हणजे गळती थांबते. तिच्या दातांच्या खुणा माझ्या फोटोत आहेत. त्या चाकाचा ब्रेकही थांबतो आणि उतारावर उरलेले ब्रेक भरलेल्या ट्रकला पुरत नाहीत, पण सपाटीवर काय बिघडतं? तुझ्या रानात काहीच बिघडलं नसतं. मग तोच ट्रक तू बांधापलीकडे पाठवलास. पोराला सांगितलंस?"

वेंडेलने समोरचा कप दूर सरकवला.

"अपघात झाल्यावर पकड काढून घेतलीस. ती फळीवर परत टांगायला तुझा हात धजला नाही, एवढं तुझ्या बाजूने बोलता येईल. आणि म्हणालास, माल माझाच. कारण नदीपलीकडचा, दुसऱ्याचा माल म्हटलं की सूट जाते. मग ट्रक उघडून बघतात. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी रीत पाळली. चांगल्याची वाच्यता करत नाहीत, तशीच याचीही केली नाही."

"तो ऐकेचना!" आयनेझ एकदम म्हणाली. "मी म्हटलं घरात पड. म्हणाला, आपलं पीक येताना मला बघू दे..." आणि तिने तोंडावर हात घेतला.

मार्लिस उठली. "ऐकलंस ना, कर्मिट? लिही."

कर्मिटने आयनेझकडे पाहिलं. "मिसेस नेस, त्या दिवशी तुमचं बीट त्या ट्रकमध्ये होतं का? नीट विचार करून सांगा."

आयनेझने वेंडेलकडे पाहिलं नाही. तिने टेबलावरच्या बीटाकडे पाहिलं. अर्धं रान अजून उभं होतं, ते काढायला हेच शेजारी लागणार होते. आणि हो म्हटलं, की नवऱ्याला आपल्याच बीटाने मारलं हे घेऊन तिला रोज त्या घरात उठायचं होतं.

"आमचं बीट रानात आहे," ती म्हणाली.

"बघा," कर्मिट आर्डिथला म्हणाला, आणि तो खरोखरच दुःखी दिसत होता. "एक भाजी आणि एक फोटो. यावर मी काय करू?"

"ट्रक बघ जाऊन. नळी बघ."

"ट्रक गेला," वेंडेल मधेच म्हणाला. "गुरुवारी भंगारवाला घेऊन गेला. दाबून झाला असेल."

"मी सील करायला सांगितलं होतं, कर्मिट."

"सूट होती, बाई."

"म्हणजे तपासायचा नव्हता म्हणून तपासला नाही. तपासला नाही म्हणून दोष सापडला नाही. दोष नाही म्हणून पोरगा झोपला."

कर्मिटने पेन खिशात ठेवलं. याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

वेंडेल उठून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मार्लिससमोर वाकला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"मार्लिस, समितीशी मी बोलतो. आयनेझचीही आता हरकत नाही. उद्या डॅरिनचं नाव वाचू, घंटा वाजवू. झालं गेलं, आम्ही त्याला माफ केलं. तू पण हे इथेच सोड."

पाद्रीचा चेहरा उजळला. बिचाऱ्याला वाटलं, मिटलं.

मार्लिस हळूहळू कोटाची बटणं लावत राहिली. सगळी लावून झाल्यावर बोलली.

"माफी चुकलेल्याला देतात, वेंडेल. माझ्या पोराला ती देणारा तू कोण? तसल्या घंटेचा आवाज मला नको."

"मग वाजणार नाही," वेंडेल हलक्या आवाजात म्हणाला.

"नको वाजू दे."

ती जिना चढून गेली. आर्डिथने बीट उचलून पिशवीत टाकलं. लाईलला पिशवी दिली आणि ती त्याच्याकडे न बघता जिन्याकडे गेली. लाईलला ते दिसलं, आणि एकदाचं त्याला काही विचारायचं नाही हेही कळलं.

*

रविवारी चर्च भरलेलं होतं. मार्लिस पहिल्या बाकावर बसली. आजूबाजूला जागा रिकामी होती, म्हणून आर्डिथ आणि लाईल तिच्या दोन बाजूंना जाऊन बसले.

पाद्रीने नावं वाचली. प्रत्येक नावाला घंटा. शेवटचं नाव पामर नेस. घंटेचा आवाज वर लाकडात विरेपर्यंत सगळे थांबले. पाद्रीने पुस्तक मिटलं.

मार्लिस उभी राहिली.

"डॅरिन ओपडाल," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "तो जागा होता."

दोरी हातात धरून मागे उभा असलेला माणूस जागचा हलला नाही. त्याचाही ट्रक त्या सोमवारी पूल ओलांडून गेला होता. आयनेझने मान खाली घातली. वेंडेल समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत राहिला. लाईल अर्धवट उठला. उठून काय करायचं हे कळेना, म्हणून तो तसाच अधांतरी राहिला.

मग ऑर्गन सुरू झाला आणि सगळे गाऊ लागले.

बाहेर बांधावरून एक भरलेला ट्रक उतरत होता. खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. त्याचे ब्रेक कसे होते, कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी बघायला सांगितलेलंही नव्हतं.